रेघा सरळ येईपर्यंत

१२ जानेवारी

अहो आई,

तुमचं पत्र मिळालं, आणि सोबत माझं मागचं पत्रही, लाल शाईने तपासून परत आलेलं. ‘पण’ आणि ‘परंतु’ एकाच वाक्यात आले म्हणून तुम्ही मारलेली चौकट लॅबमध्ये सगळ्यांना दाखवली. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाईंचा हात काही थांबत नाही. फोनवर “काय? काय?” करत ओरडण्यापेक्षा कागद बरा, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फक्त कागदाला मार्क देऊ नका.

तुम्ही विचारलंय की मी नेमकं काय करते. शेजारच्या बाईंना तुम्ही “सून प्लास्टिकचं काहीतरी करते” असं सांगितलंत आणि त्यांनी माझ्याकडे झाकणाची बादली मागितली, हे वाचून मी हसून हसून बेजार झाले. त्यांचा गैरसमज दूर व्हावा म्हणून नीट सांगते.

दोन तऱ्हेच्या लांबलचक साखळ्या असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या, रेणूंच्या. एकीचं दुसरीशी पटत नाही. तेलापाण्यासारख्या लगेच वेगळ्या होऊ बघतात. आम्ही एवढंच करतो की एकीचं टोक दुसरीच्या टोकाला कायमचं जोडून टाकतो. आता भांडलं तरी माहेरी जायची सोय नाही. मग त्या करतात काय, या साखळ्या या बाजूला सरकतात, त्या त्या बाजूला, पण जातील तर स्वतःच्या लांबीइतक्याच. त्यातून पट्टे पडतात. एक हिचा, एक तिचा, पुन्हा एक हिचा. आम्ही फक्त गुळगुळीत चकतीवर त्यांचा पातळ थर देतो आणि भट्टीत तापवतो. नक्षी त्यांची त्याच काढतात. एका केसाच्या रुंदीत असे हजारो पट्टे मावतात. इतकं बारीक काम कुठल्याही पेनाला, सुईला जमणार नाही.

पट्टे पडले की एका जातीच्या साखळ्या काढून टाकायच्या. उरते ती जाळी. ती ठेवून खालच्या चकतीवर तशाच रेघा कोरायच्या. चिप बनवणाऱ्या कंपनीला त्या हव्या आहेत.

अडचण एकच. मोकळं सोडलं तर या पट्ट्यांची नक्षी अंगठ्याच्या ठशासारखी येते, वळणावळणाची. बघायला फार सुंदर. कंपनीला मात्र सरळ रेघा हव्यात, आणि एकही तुटलेली नको. म्हणून आम्ही चकतीवर आधी लांब लांब अंतरावर काही रेघा आखून घेतो. मधल्या जागा साखळ्यांनी भरायच्या, ओळीत.

प्रमुखबाईंनी मे महिन्यापर्यंतची मुदत दिली आहे. जमलं नाही तर आमचा विभाग गुंडाळणार. तसं झालं तर आपलं ठरलंय तसं मी तुमच्याकडे येईन. तिथल्या कॉलेजात शिकवायचं बघेन. मागची खोली तुम्ही माझ्यासाठी ठेवलीच आहे. तुमचा लेक गेल्यापासून तुम्ही मला तीन वेळा “ये” म्हणालात आणि तिन्ही वेळा मी काम पुढे केलं. आता कामच काय ते ठरवेल.

नमस्कार.

तुमची सून (बादल्यांचा व्यवसाय नसलेली)


९ फेब्रुवारी

अहो आई,

पत्राला उशीर झाला, कारण आमचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बंद पडला होता. तो बंद म्हणजे आम्ही आंधळे. भट्टीतून चकती काढायची, हातात धरायची, आणि तिच्यावर रेघा आहेत की रांगोळी, काही कळायचं नाही. साध्या डोळ्यांना ती नुसती निळसर आरशासारखी दिसते.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीने इंजिनिअर पाठवला. उंच माणूस, केस पिकलेले, बूट दाराबाहेर काढून आत आला. आमच्याकडे प्रत्येकाला त्यासाठी ओरडावं लागतं. यंत्र उघडताना तो स्वतःशी गुणगुणतो. आमच्यात एक सहकारी आहे, त्याला आम्ही शंकासुर म्हणतो, कारण सूर्य उगवला तरी तो “खात्री आहे?” विचारतो. तो इंजिनिअरच्या मागे उभा राहून म्हणाला, “पंप गेला असेल, नाही? का बीम? का वायरिंग?”

इंजिनिअर मागे न बघता म्हणाला, “यंत्राला दम लागलाय. जरा हवा सोडा.”

शंकासुर खरंच दोन पावलं मागे सरला. 

पंपाची एक रबरी कडी झिजली होती. ती बदलली, यंत्र सुरू झालं. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर तपासायला आला. मग चित्र किंचित थरथरतंय म्हणून आला. कारण शोधता शोधता असं निघालं की शेजारची लिफ्ट चालू झाली की आमची चकती हलते. तेव्हापासून आम्ही फोटो काढताना कुणीतरी लिफ्टपाशी उभं राहून लोकांना जिन्याने पाठवतो. सडपातळ झालोय सगळे. नंतर एकदा इंजिनिअर आमच्या दाराला तेल घालून गेला. ते दार कुरकुरायचं, आणि ते काही त्याचं काम नव्हतं.

पण रेघा, आई! जुन्या बाटलीतला साखळ्यांचा माल तळाशी आला होता, त्यातून शेवटच्या दोन चकत्या केल्या. एका कोपऱ्यात इतक्या सरळ आल्या की मी सगळ्यांना बोलावून दाखवल्या. नवी बाटली आली आहे. आता पूर्ण चकती करायची.

गुडघ्याचं औषध संपलं असेल तर कळवा. “बरी आहे” एवढंच लिहू नका, मला तुमचं “बरी आहे” ओळखता येतं.

तुमची


३ मार्च

अहो आई,

तुमचं कार्ड मिळालं. कार्डावर एकच वाक्य: “यंत्र एकदा बिघडलं आणि इंजिनिअर चार वेळा आला, हे कसं?”

पोस्टमन ते वाचून देतो असं मला वाटतं. देताना तो हसत होता.

उत्तर असं की अशा यंत्राला पुढची देखभाल लागते. ती सगळीकडेच लागते. असो.

इकडे गाडं अडलं आहे. नवी बाटली उघडल्यापासून एकही चकती नीट आलेली नाही. रेघा सुरुवातीला सरळ जातात आणि मग मध्येच एखादी फुटते, तिच्या दोन होतात, रस्त्याला फाटा फुटावा तशा. तो फाटा आला की त्याच्या आजूबाजूच्या रेघाही वाकतात. पूर्ण चकतीवर असे फाटेच फाटे.

आम्ही भट्टी जास्त तापवली. कमी तापवली. जास्त वेळ ठेवली. थर पातळ केला. चकतीवर आधी एक अस्तर द्यावं लागतं, म्हणजे खालच्या पृष्ठभागाला दोन्ही साखळ्या सारख्याच आवडाव्यात. नाहीतर एकजण तळाला जाऊन बसते आणि उभे पट्टेच होत नाहीत. ते अस्तर आम्ही नव्याने केलं. शंकासुराने भट्टीवर संशय घेतला, मग माझ्यावर. परवा तो सगळ्यांसमोर म्हणाला, “बाईंचं लक्ष हल्ली दुसरीकडे असतं.”

मी म्हणाले, “तुमचं तरी कधी एका ठिकाणी असतं?”

प्रमुखबाईंनी दोघांनाही बाहेर पाठवलं. बाहेर व्हरांड्यात आम्ही बराच वेळ समोरासमोर उभे, शाळेतल्यासारखे. मग तो म्हणाला, “मला दोन मुलं आहेत हो. विभाग बंद झाला तर या वयात मला कोण घेणार?” आणि मला पहिल्यांदाच कळलं की त्याची ती सगळी शंका म्हणजे भीती आहे. मी त्याला चहा पाजला.

आई, आणखी एक लिहिते. लिहू की नको म्हणत हे पान दोनदा बाजूला ठेवलं. विभाग बंद झाला तर मी तुमच्याकडे येणार, हे मला पूर्वी आधारासारखं वाटायचं. पडलोच तर खाली गादी आहे, असं. परवा फाटे मोजून घरी आले, स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिले आणि लक्षात आलं की मला इथून जायचं नाहीये. त्याने तुमच्यावरच्या मायेत काडीचाही फरक पडत नाही. पण खोटं कशाला लिहू?

यावर लाल शाई वापरू नका.

तुमची


६ एप्रिल

अहो आई,

खुर्चीत बसून वाचा. सगळं सांगते, पहिल्यापासून.

शंकासुराने एक दिवस माझ्या टेबलावर दोन फोटो आणून ठेवले. एक जुन्या बाटलीचा, एक नव्या. म्हणाला, “तुम्हाला राग येणार असेल तर नंतर येतो.”

“बोला.”

“पट्ट्यांची रुंदी सारखी आहे असं आपण धरून चाललोय. खात्री आहे?”

आजवर त्याच्या या दोन शब्दांनी माझं डोकं उठायचं. त्या दिवशी मी पट्टी घेऊन बसले. रुंदी सारखी नव्हती. नव्या बाटलीतल्या साखळ्या पुरवणाऱ्यांकडून जराशा आखूड आल्या होत्या. फरक इतका लहान की आकडा लिहिला तर तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी डोकं फोडत होतात? पण साखळी आखूड म्हणजे पट्टा अरुंद. आम्ही आखून ठेवलेल्या रेघांमधली जागा मात्र जुन्या पट्ट्यांच्या मापाची. तीच लाकडी चौकट आणि आत बारीक फळ्या, म्हणजे शेवटी फट उरणारच. साखळ्या ती फट मोकळी ठेवत नाहीत. कुठेतरी एक पट्टा फुटतो आणि जागा भरून काढतो. आम्ही ज्याला दोष म्हणत होतो, ती त्यांची मांडवली होती.

नवी बाटली मागवायची तर दोन-तीन महिने. आखणी नव्याने करून घ्यायची तर तेवढेच. मुदत मेअखेर. प्रमुखबाई म्हणाल्या, “निदान कारण तरी कळलं,” आणि ते त्या ज्या आवाजात म्हणाल्या, त्यावरून कळलं की त्यांनी मनातून आवराआवर सुरू केली आहे.

मला मग माझे विद्यार्थिदशेतले दिवस आठवले. एकदा मी बनवलेल्या मालात काही मोकळ्या साखळ्या राहून गेल्या होत्या, कुणालाच न जोडलेल्या, एकट्या. त्या आपापल्या जातीच्या पट्ट्यात शिरून बसल्या आणि पट्टे फुगले. तेव्हा अशुद्ध माल केला म्हणून बोलणी खाल्ली होती. आता म्हटलं, मुद्दाम तसंच केलं तर? दोन्ही जातीच्या थोड्या मोकळ्या साखळ्या मिसळायच्या, पट्टे हवे तेवढेच रुंद करून घ्यायचे.

शंकासुर म्हणाला, “जास्त झाल्या तर नक्षीच मोडेल.”

“मोडेल ना. म्हणून तुम्ही मोजायचं आणि मी मिसळायचं.”

दोन आठवडे आम्ही दोघं तेच करत होतो. चिमूटभर, मग अर्धी चिमूट आणखी. मीठ चाखत चाखत घालावं तसं. पहिल्यांदा काहीच फरक नाही. मग फाटे वाढले. आणि मग एकदम कमी होत गेले.

गुरुवारी दुपारी पूर्ण चकती यंत्रात गेली. इंजिनिअर आला होता, कारण (आता कारण लिहायचं सोडूनच देते) आला होता. तो लिफ्टपाशी उभा राहिला. आत मी, शंकासुर, प्रमुखबाई. पडद्यावर रेघा आल्या. सरळ. चकती सरकवली, पुढेही सरळ. आणखी पुढे, कडेपर्यंत, जशा कुणी फुटपट्टी धरून ओढल्यात. शंकासुर पडद्याला नाक लावून रेघा मोजत होता. मी म्हटलं, “विचारा ना. खात्री आहे?”

तो म्हणाला, “आहे हो,” आणि चष्मा पुसायला बाहेर गेला.

लिफ्टपाशी तोवर सहाव्या मजल्यावरच्या बाई भांडत होत्या की जिने चढून चढून त्यांचे पाय गेले. इंजिनिअर त्यांना सांगत होता, “आत बाळंतपण आहे, दोन मिनिटं थांबा.” त्या थांबल्या. एवढंच नाही, “काय झालं?” म्हणून विचारायलाही आल्या. प्रमुखबाईंनी त्यांना पडदा दाखवला. “एवढंच?” म्हणाल्या त्या. पण पेढा, म्हणजे आमच्याकडे होतं ते बिस्किट, खाऊन गेल्या.

चिपच्या कंपनीचे लोक सोमवारी येऊन गेले. विभाग राहणार आहे. आणखी तीन वर्षं तरी नक्की.

मला फार आनंद झालाय आई. आज एवढंच.

तुमची


२० एप्रिल

अहो आई,

“आज एवढंच” या दोन शब्दांखाली तुम्ही लाल रेघ ओढून पाठवलीत. बाजूला लिहिलंय: “आणि उद्या?”

ठीक आहे.

इंजिनिअरने मला विचारलं आहे. बागेत, नदीकाठी वगैरे नाही. माझ्याकडे नळ गळत होता, तो दुरुस्त करताना ओट्याखालून विचारलं. मला आधी कळलंच नाही, मी म्हणाले, “काय म्हणालात? पाना?” तर तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, “पाना आहे माझ्याकडे. दुसरं विचारत होतो.”

मी त्याला “थांबा” म्हणाले आहे. आधी तुम्हाला लिहायचं होतं.

तो कसा आहे ते सांगते. लहानपणीच आईवडील गेले, काकांकडे वाढला, तेही नाहीत आता. लग्न केलं नाही, कधी जमलं नाही म्हणतो. सावकाश बोलतो. एखादी वस्तू बिघडली की त्याला वाईट वाटत नाही, उत्सुकता वाटते. तुमच्या लेकाबद्दल मी बोलते तेव्हा तो ऐकतो. विषय बदलत नाही, आणि स्वतःची तुलनाही करत नाही. परवा त्याने भिंतीवरचा तुमच्या लेकाचा फोटो सरळ केला, कुणी न सांगता, आणि पुढे निघाला. तेवढ्याने माझं ठरलं.

आता मला अवघड वाटतं ते दुसरंच आहे. तुम्ही खोली ठेवलीत. वाट बघितलीत. तुमचा मुलगा गेला आणि त्यानंतर आपण दोघीच एकमेकींना उरलो, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण मला माहीत आहे. मी आता येणार नाही म्हणजे तुम्ही त्या घरात एकट्या. आणि मी या नव्या घरात गेल्यावर तुम्हाला काय म्हणू? नात्याला नाव काय? लोक विचारतील तेव्हा काय सांगू, की या माझ्या कोण?

तुम्ही “नको” म्हणालात तर मी ऐकेन असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. मी लग्न करणारच आहे. फक्त तुमच्या होकाराने केलं तर जीव थाऱ्यावर राहील.

तुमची


११ मे

अहो आई,

तुमचं आठ पानी पत्र काल आलं. आठ पानं! एवढं तुम्ही माझ्याशी माझ्या लग्नातही बोलला नव्हतात.

दुसऱ्या पानावर मी वाचायची थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण माझा विश्वास बसेना. म्हणजे मागची खोली गेल्या वर्षीपासून रिकामी नाहीच! नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली तिथे राहतात, आणि ते तुम्ही मला सांगितलं नाहीत, “सुनेला वाटेल मी तिची जागा दुसऱ्यांना दिली” म्हणून! माझ्या जानेवारीच्या पत्राने तुम्ही घाबरलात, की ही खरंच आली तर त्या पोरींना कसं घालवू? आणि मी इथे तुमच्या एकटेपणाच्या काळजीने झुरत होते. त्या मुली तुमचं ब्लडप्रेशर रोज सराव म्हणून बघतात, आणि तुम्ही त्यांचं शुद्धलेखन. गुडघ्याचं औषधही त्यांनीच बदलून आणलं. म्हणून ते “बरी आहे” इतकं ठणठणीत वाटत होतं होय!

आई, आपण दोघी एकमेकींची मनं राखता राखता वर्षभर थापा मारत होतो. तुमच्या जास्त मोठ्या होत्या, एवढंच म्हणते.

तुमच्या लेकाबद्दल तुम्ही जे लिहिलंय, ते पान मी वेगळं ठेवलं आहे. “तो असता तर त्यानेच दार उघडून त्या माणसाला आत घेतलं असतं” हे वाक्य वाचून मी खूप रडले. वाईट वाटून नव्हे.

मग संध्याकाळी मी इंजिनिअरला तुमचं शेवटचं पान वाचून दाखवलं. त्याला आधी सांगून ठेवलं होतं की लग्न म्हणजे कचेरीत जाऊन सह्या करायच्या, माझ्या बाजूने शंकासुर आणि प्रमुखबाई येतील, त्याच्या बाजूने कोण? तो म्हणाला होता, “माझ्या बाजूला भिंत चालेल.”

मी वाचायला लागले:

“मी येणार. पण तुझ्याकडून नाही. मी सासू आहे. मुलीकडच्यांच्यात मान खाली घालून बसायची मला सवय नाही आणि या वयात ती लावूनही घेणार नाही. त्या मुलाला कुणी नाही असं तू लिहितेस. तर मी मुलाकडची. वरमाय म्हणून येईन, त्याच्या बाजूने सही करेन, आणि काही कमी पडलं तर तुझ्याकडच्यांना नावं ठेवेन. नात्याला नाव काय विचारतेस? पूर्वी होतं तेच. नवीन शोधायचे कष्ट वाचले.”

तो उठला, कप विसळायला गेला. धुतलेलेच कप पुन्हा धुतले त्याने. नळ बराच वेळ चालू होता. मग पाठमोराच म्हणाला, “त्यांना गाडीत खिडकीजवळची जागा लागते का?”

मी म्हटलं, “लागते. आणि जिन्याला कठडा.”

“आणि ऐकायला कमी येतं ना? डाव्या कानाने की उजव्या?”

“डाव्या.”

“मग उजवीकडून चालेन,” म्हणाला.

तर आई, लग्न पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी. दोन तिकिटं काढली आहेत, सोबत पाठवते, तुमची जागा खिडकीची आहे. त्या दोघींपैकी जिची परीक्षा नसेल तिला बरोबर आणा. गाडी सकाळी पोहोचते. फलाटावर तो उभा असेल. उंच आहे, लांबूनही दिसेल, आणि तुम्ही दिसलात की बहुतेक काय बोलावं ते त्याला सुचणार नाही, तर सुरुवात तुम्हीच करा.

मी स्टेशनवर येणार नाही. आम्ही मुलीकडचे. आम्हाला कामं आहेत.

तुमचीच